प्रकाशाच्या प्रयोगांतून मॉडेल शिकवायचं असेल, तर कवडशाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकच्या एका कॉलेजात बारावीचे आणि बी.एस्सी. पहिल्या वर्षाचे प्रॅक्टिकल घेता. मुलं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी रीडिंग लिहितात, शेजारच्या टेबलावरून तक्ता उतरवतात, आणि प्रिझमचा अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सगळ्यांचा 1.5 च्या आसपास येतो. मॉडेल कसं बांधतात, कसं तपासतात हे प्रकाशाच्या प्रयोगांतून शिकवायचं आहे, पण साहित्य आहे तेवढंच आणि वेळही आहे तेवढाच.

मी याच शहरात 31 वर्षं भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. त्यातली पहिली 10 वर्षं तुम्ही वर्णन केलंय तशीच गेली, म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे.

आपण मुलांना प्रयोग देतो तो बहुतेक वेळा एखादा नियम ‘पडताळून पाहण्यासाठी’. पण नियम खरा आहे हे पुस्तकाने आणि क्लासच्या नोट्सनी त्यांना आधीच सांगितलेलं असतं. मग दोन तास टाचण्या रोवून शोधायचं काय? रीडिंग जुळलं तर नवीन काही कळत नाही, नाही जुळलं तर सर ओरडतात. अशा परिस्थितीत मूल रीडिंग बनवतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून मी प्रयोगाचा प्रश्न बदलला. ‘नियम खरा आहे का’ हे विचारणं सोडलं आणि ‘हे मॉडेल कुठपर्यंत चालतं आणि कुठे हात टेकतं’ हे विचारायला लागलो. याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये छापलेलं नसतं. ते त्या टेबलावरचं भिंग, तो बल्ब आणि ती फूटपट्टी यांच्याकडेच असतं, त्यामुळे उतरवून घ्यायला कुणाची वही उपयोगी पडत नाही.

आधी एक गोष्ट मुलांशी मोकळेपणाने बोलून घ्यावी लागते. प्रकाशकिरण कुणी पाहिलेला नाही. आपण कागदावर पेन्सिलीने जी बाण असलेली रेघ काढतो ती आपली सोय आहे. बिंदूएवढा स्रोत, जाडी नसलेलं भिंग, अगदी समांतर शलाका, हे सगळं आपण धरून चाललेलं आहे. काय धरलं आणि काय सोडून दिलं याची यादी म्हणजे मॉडेल. सूत्र हे त्या यादीचं फळ. मुलांना फळ पाठ असतं आणि यादी कुणी दाखवलेलीच नसते. 

माझी सुरुवात नेहमी कवडशापासून. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात माजघरात दुपारी कौलांच्या फटींतून कवडसे पडायचे. फटी वाकड्यातिकड्या, पण जमिनीवरचे कवडसे मात्र गोल किंवा लांबट गोल. कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखालीही तेच. पानांमधल्या फटी कशाही असोत, खाली गोल गोल ठिपके. हे प्रत्येक मुलाने शेकडो वेळा पाहिलेलं असतं आणि का ते विचारलेलं नसतं. मी विचारायचो, आणि उत्तरं यायची: ‘प्रकाश पसरतो’, ‘लांबून कोपरे झिजतात’, ‘भोक गोलच असणार’. एकही उत्तर खोडायचं नाही. फळ्यावर सगळी लिहून ठेवायची.

मग प्रत्येक गटाला एक लहान सपाट आरसा, काळा कागद आणि ब्लेड द्यायचं. कागदाला साधारण 5 मिलिमीटर बाजूचं त्रिकोणी भोक पाडून तो आरशावर चिकटवायचा आणि ऊन आत व्हरांड्यात भिंतीवर पाडायचं. पण आधी भाकीत. किरण सरळ जातात आणि सूर्य म्हणजे खूप लांबचा एक बिंदू, एवढंच धरलं तर भिंतीवर काय दिसेल? मुलं बरोबर सांगतात: भोकाएवढाच त्रिकोण, भिंत कितीही लांब असली तरी. हे पेनाने वहीत लिहून घ्यायचं, पेन्सिलीने नाही.

आरशासमोर 20 सेंटिमीटरवर कागद धरला की त्रिकोण दिसतो. मॉडेल जिंकलं, मुलं खूश. एक मीटरवर कोपरे विरतात. पाच मीटरवर सरळ गोल, जवळजवळ 5 सेंटिमीटर व्यासाचा. आता वर्गात खरं काम सुरू होतं, कारण यादीतली कुठली तरी एक गोष्ट चुकीची धरली गेली आहे आणि ती कुठली हे त्यांना शोधायचं आहे. किरण सरळ जात नाहीत, की सूर्य बिंदू नाही? दोन गटांत चक्क वाद होतात. त्या वादात शिक्षकाने तोंड उघडू नये. हे मला फार उशिरा जमलं.

सूर्य ही आकाशातली साधारण अर्ध्या अंशाची चकती आहे हे धरलं, की किरण सरळच ठेवूनही गोल कवडसा मिळतो: सूर्याचा प्रत्येक बिंदू आपापला त्रिकोण भिंतीवर पाडतो आणि त्या असंख्य त्रिकोणांची बेरीज लांबवर गोल दिसते. आता नव्या मॉडेलकडून नवं भाकीत मागायचं, नाहीतर ती नुसती मलमपट्टी ठरते. भाकीत असं: अंतर आणि कवडशाचा व्यास यांचा आलेख सरळ रेषा येईल, पण ती मूळबिंदूतून जाणार नाही. उभ्या अक्षावर ती जिथे छेदेल तो छेद साधारण भोकाएवढा असेल आणि रेषेचा उतार असेल सुमारे 1/108. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे हे घेतलं की याच उतारातून त्याचा व्यास 14 लाख किलोमीटरच्या घरात येतो. फूटपट्टी, काळा कागद आणि आरसा एवढ्या भांडवलावर सूर्य मोजता आला, हे पाहून मुलांचे चेहरे कसे होतात ते एकदा अनुभवा. छेद शून्य नसणं ही चूक आहे असं त्यांना आजवर शिकवलेलं असतं. इथे छेदालाच अर्थ असतो.

ग्रहणात कवडसे कोरीच्या आकाराचे होतात, हे याच मॉडेलचं आणखी एक भाकीत. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पाऊस उघडला तर कॉलेजात एकही मूल आत बसू देऊ नका. सूर्याकडे बघायचं नाही, झाडाखाली जमिनीकडे बघायचं, एवढं मात्र बजावून सांगा.

आता हेच मॉडेल मोडायचं. भोक जितकं लहान तितकी प्रतिमा रेखीव, असं किरणांचं मॉडेल सांगतं. बुटाच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा करा, भोकापासून पडदा 20 सेंटिमीटरवर, पडद्याला ट्रेसिंग पेपर, समोर एखादा लख्ख उजेडाचा तारेचा बल्ब, आणि डोक्यावरून काळं कापड. भोकं अॅल्युमिनियमच्या फॉइलला पाडायची. दोन मिलिमीटरचं भोक अंधुक प्रतिमा देतं, एकचं बरं, 0.6 च्या आसपास सगळ्यात चांगलं. मग इन्सुलिनच्या बारीक सुईने भोक पाडायला सांगा. ती सुई पाव मिलिमीटरच्या आसपास असते. सगळ्यांची खात्री असते की आता प्रतिमा सुरेख येणार, आणि ती येते आधीपेक्षा फिसकटलेली. अंधुक होणार हे कळतं, कारण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ सहापटीने कमी झालं. पण फिसकटली का? किरण सरळ जातात या ओळीवर इथे पहिल्यांदा बोट ठेवावं लागतं. विवर्तन, म्हणजे बारीक भोकातून किंवा कडेवरून जाताना प्रकाशाचं पसरणं, हा शब्द मी त्या दिवशी उच्चारत नसे. पुढच्या प्रॅक्टिकलपर्यंत तो प्रश्न मुलांच्या पोटात राहू द्यावा.

दुसरा प्रयोग व्यस्त वर्गाचा. यासाठी आता काहीच विकत घ्यावं लागत नाही. मोबाइलमधल्या प्रकाशसंवेदकावर चालणारं लक्समीटर अॅप पुरतं, फक्त तो संवेदक स्क्रीनच्या वरच्या कडेला नेमका कुठे आहे ते आधी बोट फिरवून शोधा. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब घ्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट कमी, हे सगळ्यांना पाठ असतं. करून पाहिलं की जुळत नाही. जवळ जुळत नाही आणि फार लांबही जुळत नाही. या दोन न जुळण्याची कारणं वेगळी आहेत आणि ती वेगळी करणं हाच प्रयोग. लांबवर खोलीतला इतर उजेड मिसळतो, तो बल्ब बंद करून मोजून वजा करता येतो. जवळची गोष्ट मात्र मॉडेलची आहे, कारण बल्ब बिंदू नाही. त्याला 3 सेंटिमीटर त्रिज्येची चकती धरली तर उजेड 1/(d² + R²) प्रमाणे कमी होतो (d म्हणजे अंतर, R म्हणजे चकतीची त्रिज्या). म्हणजे 6 सेंटिमीटरवर बिंदूच्या मॉडेलपेक्षा 20 टक्के कमी उजेड मिळायला हवा आणि 30 सेंटिमीटरवर फरक जेमतेम 1 टक्का. हिशेब मुलांकडून करून घ्या, मग मोजायला पाठवा.

उजेडाच्या वर्गमुळाचा व्यस्त काढून तो अंतरासमोर मांडला, तर दूरच्या भागात सरळ रेषा येते, आणि ती मागे वाढवली की फूटपट्टीवरचा शून्य आणि बल्बचा खरा ‘शून्य’ यांत किती फरक आहे तेही सापडतं. एरवी ही गोष्ट ‘प्रायोगिक त्रुटी’ या गोणीत टाकली जाते. मी जर्नलमध्ये ‘प्रायोगिक त्रुटीमुळे’ एवढंच वाक्य आलं तर सही करत नसे. कुठली त्रुटी, किती, आणि कुठल्या दिशेला, हे लिहायचं.

त्यानंतर बल्बच्या जागी वर्गातली चार फुटी ट्यूब. जवळ मोजलं तर उजेड अंतराच्या प्रमाणात कमी होतो, वर्गाच्या नाही. ट्यूबच्या लांबीच्या कितीतरी पट लांब गेलं की पुन्हा वर्ग. ‘व्यस्त वर्गाचा नियम’ प्रकाशाच्या पोटात लिहिलेला नाही, तो बिंदूच्या भूमितीतून येतो, हे ट्यूबखाली उभं राहून जेवढं कळतं तेवढं माझ्या कुठल्याही व्याख्यानाने कधी कळलं नाही.

अपवर्तनाच्या प्रयोगात मी एक जुना तक्ता देतो. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या प्रकाशाचे कोन नोंदवले. आपाती कोन 10 ते 80 अंश, दहा-दहाने. अपवर्तित कोन अनुक्रमे 8, 15.5, 22.5, 29, 35, 40.5, 45.5 आणि 50. मुलांना म्हणायचं, लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक काढा. फरक येतात 7.5, 7, 6.5, 6, 5.5, 5, 4.5. इतके शिस्तीत, दर वेळी अर्ध्या अंशाने कमी! कुणीतरी हळूच म्हणतंच: ‘सर, ही रीडिंग बनवलेली आहेत.’ इतिहासकारांनाही तोच संशय आहे की टॉलेमीने निरीक्षणं आपल्या मनातल्या आकृतिबंधात बसवून घेतली. मग पाण्याने भरलेली अर्धगोल पारदर्शक डबी आणि टाचण्या घेऊन आपण मोजायचं. 60 अंशाला आपलंही उत्तर 40.5 येतं, टॉलेमी तिथे अचूक आहे. पण 80 ला साइनचा नियम (आपाती आणि अपवर्तित कोनांच्या साइनचं गुणोत्तर कायम राहतं) 47.6 सांगतो आणि टॉलेमी 50 सांगतो. हा सव्वादोन-अडीच अंशांचा फरक टाचण्यांनी पकडता येतो, पण काळजीपूर्वक मोजलं तरच. त्या दिवशी कुणी रीडिंग बनवत नाही, कारण बनवलेल्या रीडिंगने काय हुकतं ते समोरच असतं: त्याच्या तक्त्यानंतर साइनचा नियम युरोपात यायला सतरावं शतक उजाडलं. स्नेलने तो 1621 च्या सुमारास मांडला, देकार्तने 1637 मध्ये छापला.

इथेच एक पुढचा धागा आहे, तो बी.एस्सी.च्या मुलांसाठी ठेवा. साइनचा नियम न्यूटनच्या कणांच्या मॉडेलमधूनही निघतो आणि लहरींच्या मॉडेलमधूनही. काचेची चीप कितीही वेळा वापरा, ती या दोघांत निवाडा करू शकत नाही. फरक एवढाच की कणांच्या मॉडेलप्रमाणे प्रकाश पाण्यात जास्त वेगाने जायला हवा आणि लहरींप्रमाणे कमी. तो निवाडा फूकोने 1850 मध्ये फिरता आरसा वापरून केला, वेग कमी भरला. प्रयोग मॉडेलशी जुळला म्हणजे मॉडेल सिद्ध झालं असं नसतं, हे मुलांच्या गळी उतरवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

भिंगाच्या u-v प्रयोगाबद्दल (u वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं) थोडक्यात, कारण तुम्ही तो करताच. 1/u आणि 1/v चा आलेख काढल्यावर उतार −1 ला ‘बसवू’ नका, तो जेवढा येतो तेवढा लिहू द्या. मग लाल एलईडी आणि निळा एलईडी वापरून नाभीय अंतर वेगवेगळं काढायला सांगा. साध्या काचेच्या 15 सेंटिमीटरच्या भिंगाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक येतो. ‘भिंगाला एकच नाभीय अंतर असतं’ ही यादीतली ओळ तिथे गळून पडते. मॅलसच्या नियमासाठी (एक पोलरॉइड दुसऱ्यापुढे फिरवला की उजेड कोनाप्रमाणे कसा कमी होतो) दोन पोलरॉइड आणि तोच मोबाइल पुरतो. तो प्रयोग सुटसुटीत आहे, पण त्यात मॉडेल मोडण्याची जागा कमी म्हणून मी त्याला फार वेळ देत नाही.

लहरींच्या मॉडेलसाठी मात्र वेळ काढाच. 1818 मध्ये फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेलने आपला लहरींचा सिद्धांत मांडला, तेव्हा परीक्षकांतल्या प्वासोंने त्यातून एक अशक्य वाटणारा निष्कर्ष काढून दाखवला: गोल अडथळ्याच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. हे इतकं विपरीत आहे की सिद्धांतच चूक, असं त्याचं म्हणणं. आरागोने प्रयोग केला आणि ठिपका तिथे होता. आपल्याला यासाठी सायकलच्या दुकानातला नवा कोरा छर्रा लागतो, साधारण 3 मिलिमीटरचा. गंज किंवा ओरखडा असलेला चालत नाही. छर्रा सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर थेंबभर डिंकाने चिकटवा, डिंक बाजूने बाहेर येता कामा नये. लेझर पॉइंटरपुढे लहान नाभीय अंतराचं भिंग ठेवून शलाका फाकवा आणि छर्‍याची सावली अंधाऱ्या खोलीत तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर पाडा. सावलीच्या मधोमध ठिपका लख्ख दिसतो. पॉइंटर 1 मिलिवॅटच्या आतला घ्या, तो एका जागी घट्ट बांधा आणि शलाका कुणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका. मुलांनी आधी किरणांच्या मॉडेलवरून भाकीत लिहिलेलं असतं: मधोमध सगळ्यात गडद. छर्‍याच्या सावलीनंतर इन्सुलिनच्या सुईचं भोक पुन्हा काढा. आता विवर्तन शब्द सांगितला तर तो त्यांचाच प्रश्न सोडवतो.

एलईडीवरून प्लँकचा स्थिरांक काढण्याचा प्रयोग तुमच्याकडे असेल तर त्याला मिलिकनची गोष्ट जोडा. आइन्स्टाइनने 1905 मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचं, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं, समीकरण मांडलं. मिलिकनने ते कित्येक वर्षं खपून मोजलं, 1916 मध्ये समीकरण तंतोतंत बरोबर असल्याचं जाहीर केलं आणि त्यामागचं प्रकाशकणांचं मॉडेल मात्र त्याने तेव्हा मान्य केलं नाही. समीकरण आणि मॉडेल या दोन गोष्टी आहेत हे यातून स्पष्ट होतं.

आता वेळ आणि जर्नल. सगळे प्रयोग असे बदलायला जाऊ नका, दमछाक होईल आणि अभ्यासक्रम मागे राहील. वर्षाला तीन पुरे. परीक्षेचं जर्नल जसं लागतं तसंच राहू द्या: आकृती, सूत्र, तक्ता, निष्कर्ष. त्याला फक्त एक पान जोडा. त्यावर तीन गोष्टी: आम्ही काय धरलं, मोजण्याआधी काय भाकीत केलं, आणि कुठे जुळलं नाही. या पानाला गुण द्या, आणि न जुळल्याबद्दल गुण कापू नका. तोंडी परीक्षेत हीच मुलं चांगली बोलतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांच्याकडे सांगायला स्वतःचं काहीतरी असतं.

अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठात डेव्हिड हेस्टेनिस यांनी मॉडेल केंद्रस्थानी ठेवून शिकवण्याची पद्धत रुजवली. तिच्यात प्रत्येक गट आपलं मॉडेल छोट्या पांढऱ्या फळीवर काढून इतरांपुढे मांडतो. आपल्याकडे प्लायवुडच्या दुकानात पांढऱ्या सनमायकाचे उरलेले तुकडे मिळतात, त्यावर मार्करने लिहून पुसता येतं. चार मुलांत एक तुकडा. शेवटची 15 मिनिटं दोन गटांनी मांडायचं, बाकीच्यांनी विचारायचं. एवढा वेळ वीसच्या बॅचमध्ये निघतो, टाचण्या आणि स्टँड टेबलावर आधीच मांडून ठेवले तर नक्कीच निघतो. प्रयोगशाळा सहायकाला या कामात पहिल्यापासून सामील करून घ्या. छर्रा कसा चिकटवायचा हे मला आमच्या सहायकानेच शिकवलं.

क्रमाबद्दल एकच सूचना. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि नाशिकला तेव्हा उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या सत्रात बल्ब आणि ट्यूब घ्या, अपवर्तनाचा तक्ता गणपतीच्या सुट्टीनंतर. कवडसा दिवाळीनंतर, सकाळच्या बॅचला, ऊन तिरपं असताना, म्हणजे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा मीटर सहज मिळतात. खोक्यांचे कॅमेरे त्याच आठवड्यात करून घ्या आणि छर्‍यासाठी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना लावायचं काळं कापड आत्ताच शिवायला टाका.